राणीच्या गळ्यातला लाहोरचा हिरा

श्रोतेहो, नमस्कार.

६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये राजे तिसरे चार्ल्स यांच्यासह राणी कॅमिला यांचाही राज्याभिषेक झाला. त्याआधी कित्येक महिने ब्रिटनमधल्या आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात होता, तो म्हणजे राणीच्या मुकुटात कोहिनूर असणार की नाही. फेब्रुवारीत राजवाड्याने उत्तर दिले. राणी मेरी यांच्यासाठी १९११ मध्ये घडवलेला मुकुट पुन्हा वापरात आणला जाईल, त्याच्या आठ कमानींपैकी चार उतरवल्या जातील, कलिनन हिऱ्याचे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या क्रमांकाचे खडे त्यात बसवले जातील आणि कोहिनूर त्यात नसेल, असे जाहीर झाले. या निर्णयाचे स्वागत झाले आणि वाद शमला. परंतु राज्याभिषेकाच्या दिवशी कॅमिला यांच्या गळ्यात जो हार होता, त्याच्या मध्यभागी थेंबाच्या घाटाचा २२.४८ कॅरटचा एक हिरा लोंबत होता. त्याला ‘लाहोर हिरा’ म्हणतात, आणि लाहोरच्या ज्या तोशाखान्यातून, म्हणजे राजखजिन्यातून, कोहिनूर इंग्लंडला गेला त्याच तोशाखान्यातून तोही गेला. सगळ्या जगाचे डोळे राणीच्या मस्तकाकडे लागलेले असताना तिच्या गळ्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आज मी त्या हाराविषयी आणि त्याच्या सोबतीने सोहळ्यांत मिरवणाऱ्या आणखी काही अलंकारांविषयी बोलणार आहे.

या हाराची कथा एका कौटुंबिक वादापासून सुरू होते. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया ब्रिटनच्या गादीवर आल्या. तोपर्यंत ब्रिटनचा राजा हाच जर्मनीतल्या हॅनोव्हरचाही राजा असे. पण हॅनोव्हरच्या कायद्याने स्त्रीला गादी मिळत नव्हती, म्हणून तेथे त्यांचे काका अर्नेस्ट ऑगस्टस राजे झाले. दोन राज्ये वेगळी होताच दागिन्यांची वाटणी निघाली. व्हिक्टोरियांच्या आजी राणी शार्लट यांचे हिरेमोती कोणाचे, ब्रिटनच्या राजमुकुटाचे की हॅनोव्हरच्या घराण्याचे, हा प्रश्न वीस वर्षे रेंगाळला. काका वारले, त्यांचा मुलगा गादीवर बसला, तरी हॅनोव्हरने दावा सोडला नाही. अखेर १८५७ मध्ये निकाल हॅनोव्हरच्या बाजूने लागला आणि ज्या हिऱ्यांसह ब्रिटनची राणी वीस वर्षे दरबारात वावरली होती, त्यांतले पुष्कळसे तिला परत करावे लागले.

जगातल्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याच्या राणीचा गळा मोकळा राहणे तिला आणि तिच्या मंत्र्यांना परवडणारे नव्हते. तिने गॅरर्ड या जवाहिऱ्यांना नवा हार घडवायला सांगितले. त्यासाठी हिरे विकत आणण्याची गरज पडली नाही. गार्टर या सरदारी सन्मानाचे एक पदक आणि समारंभाची एक तलवार यांतून २८ हिरे काढण्यात आले. पुरुषांच्या छातीवर आणि कमरेला शोभणारे खडे १८५८ मध्ये एका स्त्रीच्या गळ्यातला सर झाले. मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत गेलेले २५ हिरे एका ओळीत आणि मधोमध लाहोरचा लोलक, अशी या हाराची साधी, जवळजवळ कठोर म्हणावी अशी घडण आहे. तिच्यात पाने नाहीत, फुले नाहीत, वेलबुट्टी नाही. केवळ हिऱ्यांचे पाणी आणि आकार यांवर उभा असलेला हा अलंकार मला त्या संग्रहातल्या अधिक नटलेल्या दागिन्यांपेक्षा अधिक सुंदर वाटतो, आणि हे सौंदर्य मान्य केल्यावाचून त्याच्या इतिहासाविषयी प्रामाणिकपणे बोलता येणार नाही असेही वाटते.

आता तो लोलक कोठून आला ते पाहू. महाराजा रणजितसिंह १८३९ मध्ये वारले. त्यानंतर दहा वर्षांत पंजाबचे राज्य अंतर्गत कलहांनी आणि इंग्रजांशी झालेल्या दोन युद्धांनी संपले. २९ मार्च १८४९ रोजी लाहोरला झालेल्या तहावर ज्यांनी सही केली ते रणजितसिंहांचे पुत्र महाराजा दलीपसिंह त्या वेळी दहा वर्षांचे होते. त्यांची आई जिंदकौर यांना इंग्रजांनी आधीच मुलापासून दूर केले होते. त्या तहात कोहिनूरसाठी एक स्वतंत्र कलम होते आणि महाराजांनी तो इंग्लंडच्या राणीच्या स्वाधीन करावा असे त्यात स्पष्ट लिहिले होते. उरलेल्या खजिन्याचा ताबा ईस्ट इंडिया कंपनीने घेतला. लाहोरच्या जवाहिरातले निवडक नग लंडनला पाठवले गेले आणि १८५१ मध्ये लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनाच्या सुमारास कंपनीने ते व्हिक्टोरियांना नजर केले. लाहोरचा हिरा त्या नजराण्यातला. त्याच नजराण्यात तैमूरचे माणिक म्हणून ओळखला जाणारा प्रचंड लाल खडाही होता. तो खरे तर माणिक नसून स्पिनेल नावाचे वेगळे रत्न आहे, आणि त्याच्यावर जहांगीर, शाहजहान, फर्रुखसियर, नादिरशहा, अहमदशहा दुराणी अशी एकामागून एक धन्यांची नावे फारसी लिपीत कोरलेली आहेत.

कोहिनूरच्या प्रवासाचा एक टप्पा आपल्या मुंबईतला आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी तो हिरा कमरपट्ट्यात शिवून, अंगावर बाळगून स्वतः लाहोरहून मुंबईला आणला. मुंबईच्या सरकारी खजिन्यात तो जहाजाची वाट पाहत पडून राहिला आणि एप्रिल १८५० मध्ये ‘मेडिया’ या युद्धनौकेवरून गुपचूप रवाना झाला. ३ जुलै १८५० रोजी तो व्हिक्टोरियांच्या हाती आला. महाप्रदर्शनात तो पाहणाऱ्यांची निराशा झाली, कारण भारतीय कारागिरांनी त्याचे वजन राखण्याकडे लक्ष दिले होते आणि युरोपीय डोळ्यांना लखलखाट हवा होता. म्हणून १८५२ मध्ये ॲमस्टरडॅमहून कारागीर आणवून त्याला नव्याने पैलू पाडले गेले. १८६ कॅरटचा हिरा १०५.६ कॅरटचा उरला.

१८५४ मध्ये दलीपसिंह इंग्लंडमध्ये होते. बकिंगहॅम राजवाड्यात विंटरहाल्टर हा चित्रकार त्यांचे चित्र काढत होता. त्या चित्रात या पंधरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात मोत्यांच्या सरांबरोबर व्हिक्टोरियांची छोटी तसबीर जडवलेली दिसते. त्या दिवसांत राणीने त्यांना कोहिनूर दाखवला. दलीपसिंहांचा सांभाळ करणाऱ्या लॉगिन दांपत्यापैकी लेडी लॉगिन यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. मुलाने हिरा हातात घेतला, खिडकीशी नेऊन बराच वेळ निरखला आणि मग नम्रपणे राणीच्या हातावर ठेवला. ज्याच्या हातून तो सहीने काढून घेतला त्याच्याच हातून तो पुन्हा एकदा, राजीखुशीने दिल्यासारखा, मिळावा ही व्हिक्टोरियांच्या मनाची गरज होती असे मला वाटते. लाहोर हिऱ्याच्या वाट्याला असा प्रसंग आला नाही. त्याच्याविषयी कोणाला अवघडल्यासारखे वाटले नाही, म्हणून तो बिनबोभाट हारात जाऊन बसला.

हा हार आज राज्याभिषेकाचा हार म्हणून ओळखला जातो, पण व्हिक्टोरियांचा राज्याभिषेक तो घडण्यापूर्वी वीस वर्षे, म्हणजे १८३८ मध्येच होऊन गेला होता. राज्याभिषेकाला तो प्रथम घातला तो १९०२ मध्ये राणी अलेक्झांड्रा यांनी. नंतर १९११ मध्ये राणी मेरी यांनी, १९३७ मध्ये राणीमाता म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या एलिझाबेथ यांनी, १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ यांनी आणि २०२३ मध्ये कॅमिला यांनी. यांतल्या १९०२, १९११ आणि १९३७ च्या सोहळ्यांत राणीच्या मुकुटात कोहिनूर होता आणि गळ्यात लाहोर हिरा. १९५३ मध्ये गादीवर स्त्रीच होती, तिचा मुकुट वेगळा, म्हणून त्या वेळी कोहिनूर तिच्या मस्तकावर आला नाही.

अशा सोहळ्यांचे दागिने पाहणाऱ्याला शतकानुशतके न हललेले वाटतात. वास्तविक ते सतत मोडले जातात, घडवले जातात, एका कोंदणातून दुसऱ्या कोंदणात जातात. पार्लमेंटच्या उद्घाटनाला जाताना दुसऱ्या एलिझाबेथ जो हिऱ्यांचा गोलाकार शिरोभूषणाचा अलंकार घालत असत आणि ब्रिटिश टपाल तिकिटांवरून जो जगभर ओळखीचा झाला, तो चौथ्या जॉर्ज या राजाने स्वतःच्या राज्याभिषेकासाठी १८२० मध्ये घडवून घेतला होता. त्यात १,३३३ हिरे आहेत. पुरुषासाठी घडलेला हा अलंकार पुढे केवळ राण्यांचाच झाला. पार्लमेंटमध्ये पोचल्यावर तो उतरवून एलिझाबेथ एक किलोहून अधिक वजनाचा साम्राज्याचा राजमुकुट घालत. तो घालून मान खाली घालता येत नाही, त्यामुळे भाषणाचा कागद वर धरूनच वाचावा लागतो, असे त्यांनी स्वतः एका मुलाखतीत सांगितले होते. उतारवयात, २०१९ मध्ये, त्यांनी तो मुकुट शेजारी ठेवून घेतला आणि हिऱ्यांचा हलका शिरोभूषणाचा अलंकारच डोक्यावर राहू दिला. व्हिक्टोरियांनीही वैधव्यात जड मुकुट नाकारला होता. विधवेच्या पांढऱ्या टोपीवर बसेल असा अवघा दहा सेंटिमीटर उंचीचा मुकुट त्यांनी १८७० मध्ये करवून घेतला आणि पुढची तीस वर्षे जगाने त्यांना त्याच मुकुटात पाहिले.

या मोडण्या-घडवण्यात राणी मेरी यांचा हात धरणारे कोणी नव्हते. २ डिसेंबर १९११ रोजी त्या पंचम जॉर्ज यांच्यासह मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरल्या. गेटवे ऑफ इंडिया उभा आहे तो त्याच घटनेच्या स्मरणार्थ. दहा दिवसांनी दिल्लीला दरबार भरला. ब्रिटनचे राजचिन्हाचे मुकुट देशाबाहेर नेण्याची मुभा नसल्याने राजासाठी वेगळाच मुकुट घडवावा लागला होता. मेरी यांनी मात्र आपल्या आजीने फ्रँकफर्टच्या एका सोडतीत जिंकलेले पाचू नव्या हिऱ्यांच्या मुकुटवजा अलंकारात आणि हारात बसवले होते. त्या दरबाराच्या वेळी पतियाळाच्या महाराणींनी भारतातील स्त्रियांच्या वतीने मेरी यांना पाचूंचे दागिने भेट दिले. ती भेट होती. राजेरजवाड्यांवर तेव्हा किती दडपण असे हे लक्षात घेऊनही भेट आणि तहाने काढून घेतलेले जवाहीर यांत फरक केलाच पाहिजे. सगळ्या दागिन्यांना एकाच शब्दात लूट म्हटले की खऱ्या लुटीचा तपशील हरवतो.

दुसऱ्या एका भेटीशी मराठी माणसाचा थेट संबंध आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला, तेव्हा हैदराबादचे निजाम उस्मान अली खान यांनी लंडनच्या कार्टिये या पेढीला कळवले की राजकन्येने स्वतःच आपल्या पसंतीचे दागिने निवडावेत. त्यांनी हिऱ्यांचा एक हार आणि गुलाबफुलांच्या नक्षीचा एक शिरोभूषणाचा अलंकार निवडला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे त्या वेळी निजामाच्या अमलाखाली होते, भारत स्वतंत्र होऊन तीन महिने उलटले होते आणि मराठवाड्यातली माणसे विलीनीकरणासाठी लढत होती. त्यांना स्वातंत्र्य मिळायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडला. निजामाने दिलेला तो शिरोभूषणाचा अलंकार १९७३ मध्ये मोडण्यात आला आणि त्याचे हिरे ब्रह्मदेशाच्या जनतेने दिलेल्या ९६ माणकांबरोबर नव्या अलंकारात गेले. हार मात्र आजही टिकून आहे आणि वेल्सच्या राजकन्या कॅथरीन यांनीही तो घातला आहे.

२०२३ मध्ये कोहिनूर बाजूला ठेवण्याचा निर्णय योग्य होता असे मी मानतो. राज्याभिषेकाच्याच महिन्यात टॉवर ऑफ लंडनमधल्या नव्या मांडणीत कोहिनूरचे वर्णन विजयाचे आणि जेतेपणाचे चिन्ह असे करण्यात आले, हेही धाडसाचे पाऊल होते. पण एका प्रसिद्ध खड्यापुरता हा प्रामाणिकपणा थांबावा याचे मला मनापासून दुःख आहे. लाहोरच्या हिऱ्यावर तैमूरच्या माणकासारखी धन्यांची नावे कोरलेली नाहीत. तो कोणाचा होता हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. कोणी सांगितले तरच कळते. सोहळ्याच्या वर्णनात तो केवळ व्हिक्टोरियांच्या काळातला हार म्हणून येतो, आणि दहा वर्षांच्या दलीपसिंहांचे नाव त्यात कोठेच येत नाही. पाच राण्यांनी पाळलेली रीत पाहता पुढच्या राज्याभिषेकालाही हाच हार पेटीतून बाहेर निघेल. त्या दिवशी अ‍ॅबेमधून जगभर जाणाऱ्या वर्णनात लाहोरचे, १८४९ च्या तहाचे आणि त्या मुलाचे नाव घेतले जावे, अशी माझी मागणी आहे.

नमस्कार.