चार इंची ग्राइंडर

(दृश्य: फॅब्रिकेशनची शेड. ठिणग्यांचा झोत, मागे अर्धवट जोडलेले लोखंडी गेट.)

ग्रिल, गेट आणि जिने घडवणाऱ्या शेडमध्ये दिवसभर सर्वाधिक हाताळले जाणारे यंत्र म्हणजे चार इंची अँगल ग्राइंडर. वजनाला दोनेक किलो, सहज उचलता येणारे. त्यामुळे वेल्डिंग मशीनचा जेवढा धाक वाटतो, तेवढा याचा कुणाला वाटत नाही. त्याचे चाक मात्र रिकामे फिरताना मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या चाकाची कड ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते.

(दृश्य: हातात धरलेले कटिंग व्हील, जवळून.)

हे कटिंग व्हील पोलादाचे पाते नव्हे. धार करणारे कठीण कण राळेत बांधून आणि आत काचेच्या धाग्यांची जाळी घालून ते बनवलेले असते, आणि त्याची जाडी अनेकदा एक ते दीड मिलिमीटरच असते. कडेने कापण्याचा ताण ते सोसते. बाजूने दाब आला की तडकते. तरीही कापून झाल्यावर त्याच चाकाच्या पोटाने वेल्डिंगचा टाका घासून घेणारे हात जागोजागी दिसतात, कारण जाड ग्राइंडिंग व्हील बसवायचे तर दोन मिनिटे मोडतात. चाकाच्या मधल्या धातूच्या कडीवर वापराची मुदत छापलेली असते, तीही क्वचितच वाचली जाते. ओलाव्याने राळेची पकड कमी होते. कोकणातल्या पावसाळ्यात शेडच्या कोपऱ्यात उघडे पडलेले चाक म्हणूनच भरवशाचे राहत नाही. नवे चाक बसवल्यावर त्याच्या रेषेतून बाजूला उभे राहून ते मिनिटभर रिकामे फिरवावे. त्यात दोष असेल, तर तो बहुधा तेव्हाच उघड होतो.

फुटलेल्या चाकाचे तुकडे अंगावर येण्यापासून अडवणारी वस्तू म्हणजे गार्ड, आणि नेमका तोच काढून ठेवलेला आढळतो. कोपऱ्यात चाक पोहोचत नाही, हे त्याचे एक कारण. लाकूड कापण्याचे मोठे दातेरी पाते याच यंत्रावर चढवायचे असते, हे दुसरे आणि अधिक घातक. असे पाते अडकले की यंत्र हातातून उसळते. अपघातानंतर कामगाराचा निष्काळजीपणा म्हणून विषय मिटवला जातो; परंतु गार्ड आणि योग्य चाक शेडमध्ये उपलब्ध होते का, आणि काम नगावर मोजले जात होते का, हे प्रश्न मालकाला विचारायचे असतात.

(दृश्य: दोन स्टुलांवर ठेवलेला चौकोनी पाइप, मधोमध खडूची खूण.)

यंत्र उसळण्याचे एक साधे कारण इथे दिसते. दोन्ही टोकांना टेकू देऊन पाइप मधोमध कापला, की काप पूर्ण होता होता पाइप खाली झुकतो, फट मिटते आणि चाक तिच्यात चिमटले जाते. त्याऐवजी पाइप शिकंजात घट्ट धरून कापून पडणारा तुकडा मोकळा लोंबता ठेवला, तर फट उघडत जाते. डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा गॉगल हवा, साधा चष्मा नव्हे. सैल बाही, ओढणी आणि गळ्यातला गमछा दूर असावा.

आता विजेकडे येऊ. वायरची दोन उघडी टोके काडीपेटीच्या काड्यांनी बोर्डात खोचलेली अनेकांनी पाहिली असतील. चौकोनात चौकोन अशी खूण असलेले यंत्र दुहेरी आवरणाचे असते, त्याला अर्थिंगची तार लागत नाही. पण जुन्या धातूच्या ड्रिलची तिसरी पिन कापून टाकणे म्हणजे बिघाड झाल्यास विजेला माणसाच्या शरीरातून वाट करून देणे होय. एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो, आणि हृदयाची लय बिघडवायला अँपिअरचे काही शतांशच पुरतात. माणसासाठी असते ते आरसीसीबी, म्हणजे ३० मिलिअँपिअर (०.०३ अँपिअर) इतकी विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण, आणि त्यावरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहायचे असते.

(दृश्य: अचानक अंधार. यंत्राचा आवाज हळूहळू विरतो.)

वीज गेली आहे. ग्राइंडरचे बटण मात्र चालू स्थितीतच अडकलेले आहे, आणि वीज परत येताच अनेक ग्राइंडर कुणी हात न लावता टेबलावर फिरू लागतात. चहाला निघालेला कारागीर दारातून मागे वळतो, बटण सोडवतो आणि बोर्डातून पिन काढून ठेवतो.