टेबलावरचा बोरघाट: मॉडेल रेल्वेतला कातळ, खडी आणि पावसाळा

रूळ टाकून झाले, गाडी न अडखळता फिरू लागली, की लेआउटवर, म्हणजे रूळ मांडलेल्या टेबलावर, डोंगर चढवायची घाई होते. ती घाई आज थोडी आवरू या. उदाहरण म्हणून बोरघाट घेऊ आणि माप एचओ, म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. कर्जत ते लोणावळा अंतर सुमारे २८ किलोमीटर आणि चढण साडेपाचशे मीटरच्या आसपास. या मापातही ते तीनशे मीटरांहून लांब आणि सहा मीटरांहून उंच होतं. तेव्हा एक वळण, एक बोगदा, ओढ्यावरचा एक पूल, एवढंच निवडायचं आणि ते मन लावून करायचं.

त्याआधी साल आणि महिना ठरवा. १९२९ पर्यंत खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबून उलट दिशेने पुढे निघायची. नवी वाट झाली त्याच सुमारास घाटात विजेच्या ताराही आल्या. म्हणून तारांखालून धावणारी गाडी आणि चालू रिव्हर्सिंग स्टेशन एकत्र दाखवू नका. महिन्याचंही तसंच. जुलैत कातळ ओला, काळाभोर आणि गवत पोपटी. एप्रिलमध्ये कातळ राखाडी, गवत वाळक्या पेंढ्याच्या रंगाचं. दोन्हींची सरमिसळ झाली की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही.

आता मुख्य विषय, कातळ. बाजारात मिळणारे तयार साचे बहुतेक परदेशी डोंगरांचे असतात: थर तिरके, शिखरं टोकदार. सह्याद्री तसा नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक, जवळपास आडवे बसलेले. उभा कडा, खाली गवताळ उतार, पुन्हा कडा, अशा पायऱ्या. म्हणून बोगद्याच्या डावीकडचा थर उजवीकडेही त्याच उंचीवर दिसला पाहिजे. थर्माकोल रचून झाल्यावर स्पिरिट लेव्हल लावून पेन्सिलने आडव्या रेघा मारून घ्या. या एका कामाने डोंगर सह्याद्रीचा वाटू लागतो.

थर्माकोल चिकटवायला फेविकॉलच वापरा. रबरी सोल्युशन आणि स्प्रे पेंट थर्माकोल विरघळवतात. कापताना उडणारे दाणे लगेच व्हॅक्यूमने उचला, नाहीतर ते इंजिनाच्या गिअरमध्ये जातात.

प्लास्टर चढवण्याआधी बोगद्याची रुंदी तपासायची. एलएचबी डबा (लांब पल्ल्याच्या गाड्यांचा नव्या धाटणीचा डबा) २३.५४ मीटर लांब, म्हणजे आपल्या मापात २७ सेंटिमीटर. ५६ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर त्याचा मधला भाग आतल्या बाजूला साडेसहा मिलिमीटर सरकतो आणि टोकं बाहेरच्या बाजूला जवळपास दहा. डब्याची अर्धी रुंदी साडेअठरा मिलिमीटर त्यात मिळवा. रुळाच्या मध्यापासून आत ३० आणि बाहेर ३३ मिलिमीटर मोकळे ठेवले की निभावतं. तरीही सर्वांत लांब डबा हाताने ढकलून बघा. आणि गाडी आत घसरलीच तर हात घालायला डोंगराच्या मागच्या बाजूने जागा ठेवा. हे हमखास विसरलं जातं.

उतारांवर मेडिकलमध्ये मिळणारं प्लास्टर बँडेज पाण्यात बुडवून दोन थरांत लावा, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढवून. कड्यासाठी पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) हवं: एक वाटी पाण्यात साधारण दोन वाट्या पीओपी, हळूहळू पेरत. पाणी पीओपीत ओतलं तर गुठळ्या होतात. डबा जुना, ओल धरलेला असेल तर त्यातलं पीओपी नीट घट्ट होत नाही. ते वापरूच नका. पनीरइतकं घट्ट झालं की जुन्या सुरीने आधी आडव्या भेगा, मग तुटक उभ्या. उभ्या भेगा सलग नेल्या तर विटांची भिंत दिसते.

रंग पूर्ण वाळल्यावरच. निव्वळ काळा देऊ नका, दिव्याखाली सगळं खोदकाम गिळून टाकतो. आधी मध्यम राखाडी, मग एक भाग काळा आणि पंधरा भाग पाणी असं पातळ द्रावण भेगांत सोडायचं, शेवटी जवळपास कोरड्या ब्रशने कडांवर फिका राखाडी. दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबडी पट्टी असते, तिथे गेरू. हे सगळं लेआउटवर कायम राहणाऱ्या दिव्याखालीच करा.

खडी रंगानंतर. रेल्वेची खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची, म्हणजे आपल्याला पाऊण मिलिमीटरहून मोठा कण नको; रव्यासारखा. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या चुऱ्यात मॅग्नेटाइट असतं, ते मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतं. चाळल्यावर चुऱ्यातून लोहचुंबक चार-पाच वेळा फिरवा. खडी कोरडीच पसरून ब्रशने स्लीपरवरून, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवरून, खाली लोटा. मग पाण्यात दोन थेंब भांड्याचा साबण घालून फवारा, आणि एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. फवारा चुकवला तर फेविकॉलचा थेंब वरच गोळा होतो आणि खडीत खड्डे पडतात. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या पॉइंटच्या हलत्या पात्यांजवळ चिकट काहीही नको. तिथे खडी पातळ द्या आणि वाळेपर्यंत पॉइंट अधूनमधून हलवत राहा. रुळांचा माथा त्याच दिवशी पुसा.

गवताला रंगवलेला लाकडाचा भुसा चालतो. दमट हवेत तो ओला राहिला तर बुरशी धरतो, म्हणून पंख्याखाली पूर्ण वाळवा. स्टॅटिक ग्रासचे (स्थिर विजेने उभ्या राहणाऱ्या कृत्रिम गवताचे) तंतूही पावसाळ्यात गुठळ्या धरतात; ते काम कोरड्या दिवशी. पंधरा मीटरचं झाड इथे सतरा सेंटिमीटर होतं. एवढी झाडं फार नकोत. उतारावर कारवीची गचपण दाट करा, घाट तिनेच भरलेला दिसतो.

धबधबा पारदर्शक सिलिकॉनचा. प्लास्टिक शीटवर पट्ट्या ओढा, दिवसभर ठेवा, सोलून काढा आणि पांढऱ्या रंगाचा अगदी हलका हात द्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, त्याने रूळ गंजू शकतात. म्हणून पट्ट्या लेआउटपासून दूर, दुसऱ्या खोलीत बनवा आणि वास पूर्ण गेल्यावरच कड्यावर लावा.