कागदावरचा रक्ताचा ठिपका

श्रोतेहो, नमस्कार.

हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे यकृताचे विषाणुजन्य आजार वर्षानुवर्षे शरीरात मुक्काम करतात आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना हिपॅटायटिस बी होता, आणि त्यांपैकी जेमतेम १३ टक्के लोकांचे निदान झालेले होते. हिपॅटायटिस सी तर आता आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. औषध आहे, चाचणीही आहे. घोडे अडते ते रक्ताच्या प्रवासात. शिरेतून रक्त काढायला सराईत हात लागतो, ते वेळेत थंडाव्यात ठेवावे लागते आणि प्रयोगशाळा दूर असेल तर वाटेतच नमुना वाया जातो. यावरचा तोडगा म्हणजे बोटाला टोचून आलेले रक्त जाड गाळणकागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि साध्या टपालाने पाठवायचे.

ही पद्धत मुळात यकृताच्या आजारांसाठी रुळलीच नव्हती, आणि ती कशी रुळली हे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

रॉबर्ट गथ्री हे अमेरिकेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्यांच्या मुलाला बौद्धिक अपंगत्व होते, त्यामुळे अशा मुलांच्या आईवडिलांचे दुःख त्यांना घरातूनच ठाऊक होते. पुढे १९५८ साली त्यांच्या भाचीला फेनिलकीटोन्युरिया असल्याचे निष्पन्न झाले. या आजारात फेनिलॲलनिन नावाचे अमिनो आम्ल रक्तात साठत जाते आणि बाळाच्या मेंदूला इजा करते. जन्मानंतर लगेच आहार बदलला तर ही इजा टाळता येते. परंतु भाचीचे निदान झाले तेव्हा तिला वर्ष उलटून गेले होते आणि व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. त्या काळातली लघवीची चाचणी बाळ काही आठवड्यांचे झाल्याशिवाय विश्वासाने काही सांगू शकत नसे.

गथ्रींनी मग रक्तावरची चाचणी शोधली. नवजात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब गाळणकागदावर घ्यायचे, वाळलेल्या ठिपक्यातून एक छोटी चकती कापायची आणि जिवाणूंची वाढ मुद्दाम रोखून धरलेल्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर, ती ठेवायची. रक्तात फेनिलॲलनिन जास्त असेल, तर रात्रभरात त्या चकतीभोवती जिवाणूंचे धूसर वलय उमटते. जितके मोठे वलय, तितके प्रमाण अधिक. एकाच तबकात कितीतरी बाळांच्या चकत्या ओळीने मांडता येत. गथ्रींनी १९६३ साली ही पद्धत प्रसिद्ध केली आणि नवजात बाळांच्या सार्वत्रिक तपासणीचा पाया घातला गेला. मला मात्र त्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो कागद, कारण त्याच्यामुळे बाळाला कुठेही न नेता त्याचे रक्त प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले. संशोधनाच्या इतिहासात यंत्रांचे भरभरून कौतुक होते आणि नमुना कसा गोळा केला हे एका ओळीत उरकले जाते. हा अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्याच कागदावर आज हिपॅटायटिस ओळखता येतो. रक्त वाळले की त्यातल्या विकरांचे, म्हणजे हे घटक तोडणाऱ्या एन्झाइमांचे, काम मंदावते, त्यामुळे विषाणूची प्रथिने, प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) आणि एरवी नाजूक असलेला आरएनए (हिपॅटायटिस सीच्या विषाणूचे जनुकीय द्रव्य) हेसुद्धा टिकून राहतात. प्रयोगशाळेत ठिपक्याची चकती द्रावणात भिजवून हे घटक बाहेर काढतात. शिरेतून रक्त काढण्याची सोय नसेल किंवा इंजेक्शनांनी शिरा खराब झालेल्या असतील, अशा ठिकाणी या पद्धतीचा विचार करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सांगितले.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. गाळणकागदाच्या कार्डावर छापलेले वर्तुळ रक्ताने पूर्ण भरले पाहिजे, आणि ठिपका पूर्ण वाळला पाहिजे. घाईने उन्हात किंवा गरम हवेच्या झोताखाली न धरता काही तास, शक्यतो रात्रभर, तो सावलीत आडवा ठेवावा आणि मगच ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह पिशवीत बंद करावा. पुन्हा सांगतो: वर्तुळ पूर्ण भरलेले, ठिपका पूर्ण वाळलेला. हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत, कारण हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो.

ठिपक्यात रक्त अगदी थोडे असते आणि ते द्रावणात आणखी पातळ होते. म्हणून रक्तात विषाणू फारच कमी असेल तर तो या चाचणीतून निसटू शकतो, आणि शंका उरली तर शिरेतले रक्त तपासावेच लागते. हिपॅटायटिस सीबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रतिपिंडे सापडली म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात आला होता एवढेच कळते. तो आज आहे की नाही हे आरएनएच्या चाचणीनेच ठरते. ही दुसरी चाचणी त्याच कार्डावरच्या शेजारच्या ठिपक्यातून करता येते. तेव्हा ठिपका देतानाच केंद्रात विचारून घ्या की, प्रतिपिंडे आढळल्यास याच कार्डावरून आरएनए तपासणार आहात ना. म्हणजे दुसऱ्यांदा रक्त द्यायला यावे लागणार नाही.