अठराव्या खंडातलं जुन्नर

[दृश्य: नाणेघाट, पहाट. दरीतून वर चढणारं धुकं. नानाचा अंगठा नावाचा कडा अर्धा दिसतोय.]

निवेदन : हे धुकं कोकणातून येतं. खाली वैशाखरे, मग मुरबाड, त्याच्या पलीकडे कल्याण. पाठीमागे घाटघर, आणि तासाभराच्या रस्त्यावर जुन्नर. मधे ही चिंचोळी खिंड. कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच खिंडीतून घाटमाथ्यावर चढत होता.

आम्ही मात्र इथे पोचलो जुन्नर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या कपाटातून.

[दृश्य: लाकडी कपाट. काच सरकते. जाडजूड, कापडी बांधणीचे तीन ग्रंथ.]

मुंबई इलाख्याचं गॅझेटियर. खंड अठरावा, पुणे जिल्हा, भाग तीन. साल १८८५. जेम्स कॅम्पबेल या मुलकी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली इलाख्यातल्या एकेका जिल्ह्याचे असे खंड निघाले. माती कुठली, पाऊस किती, पिकं कोणती, बाजार कुठल्या वारी, गावात राहतं कोण, धंदे काय, किल्ला कुणी बांधला, कुणी पाडला. सरकारला सारा गोळा करायचा होता, राज्य चालवायचं होतं, त्यासाठीचा हा खटाटोप. एवढं लक्षात ठेवूनच ते वाचावं. पण वाचावं.

वाचनालयाच्या काकांनी अट एकच घातली. पुस्तक पालथं ठेवायचं नाही, शिवण सुटते. चित्रीकरण संपेपर्यंत ते शेजारी खुर्ची टाकून बसून होते.

[दृश्य: तिसऱ्या भागाची पानं. बोट एका ओळीवर थांबतं.]

तिसऱ्या भागात गावं आणि ठिकाणं आहेत. जुन्नर उघडलं की पानं संपता संपत नाहीत. शिवनेरी आहेच. शिवनेरी सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे आमच्या फिल्ममध्ये तो बहुतेक वेळ लांबूनच दिसेल. आम्हाला पाहायची होती शिवनेरीच्या सावलीत राहिलेली पानं.

[दृश्य: खिंडीतली फरसबंदी वाट. मोठा दगडी रांजण. कॅमेरा लेण्यात शिरतो.]

हा रांजण जकातीचा, असं इथे येणारा प्रत्येक जण सांगतो. त्याच्या शेजारून वाट लेण्यात शिरते. लेणं साधं आहे. चौकोनी खोली, बसायला कट्टा. पाऊस लागला तर वाटसरूनं आत यावं, इतकंच. पण भिंतींकडे बघा.

[दृश्य: डावी भिंत. कडेनं पडणारा उजेड. ब्राह्मी अक्षरं एकेक करून उठून दिसतात.]

समोरून बॅटरी मारली तर काहीच दिसत नाही. उजेड कडेनं घ्यावा लागतो, तेव्हा खोबणीत सावली भरते आणि अक्षर उठतं. ही युक्ती आमच्या कॅमेरामनला पहिल्या दिवशी सापडली नाही. तो दिवस फुकट गेला.

डाव्या भिंतीवर दहा ओळी, उजवीवर दहा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सुरुवात नमनानं होते : धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवाला, चंद्रसूर्यांना, चारी लोकपालांना. मग सातवाहनांची राणी नागनिका हिच्या घरातल्या यज्ञांची यादी. अश्वमेध, राजसूय आणि आणखी कितीतरी. प्रत्येक यज्ञाला दक्षिणा काय दिली, तेही. गाई १,७००. गाई ११,०००, घोडे १,०००. एके ठिकाणी कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, २४,४००. आपल्याकडे लग्नात आहेराची वही घेऊन कुणीतरी कोपऱ्यात बसलेलं असतं ना, तसा हिशेब. फक्त वही दगडाची.

[दृश्य: अंकांचं क्लोजअप. एक चिन्ह, मग दुसरं.]

इथे जरा थांबू. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकचिन्हांपैकी काही या भिंतीवर आहेत. एक म्हणजे एक आडवी रेघ. दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. इथवर सोपं. पण शून्य नाही, आणि एकक-दहक-शतकाची घरंही नाहीत. दहाला स्वतंत्र चिन्ह, विसाला स्वतंत्र, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. म्हणजे आकडा डावीकडून उजवीकडे नुसता वाचत गेलं तर जमत नाही, तो उलगडावा लागतो. कोरणाऱ्याचा हात कुठेही अडखळलेला दिसत नाही. त्याला हे रोजचं होतं.

[दृश्य: मागची भिंत. वर नावं, खाली रिकामी जागा.]

मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या. काही ठिकाणी पावलांच्या खुणा उरल्या, आणि वर नावं उरली. राया सिमुक सातवाहन. देवी नागनिका आणि राजा सिरी सातकणि. महारठि त्रनकयिर. कुमार हकुसिरि. शाळेत गटाचा फोटो काढतात, खाली नावं छापतात, आणि फोटोच हरवतो, तशी ही भिंत.

[दृश्य: ठशाचं छापील चित्र. शेजारी भिंतीवरची तीच ओळ.]

ही नावं वाचली कुणी? गॅझेटियरवर नाव कॅम्पबेलचं, पण दगड वाचणारे डोळे बरेचदा दुसऱ्याचे होते. भगवानलाल इंद्रजी. जुनागढचे. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे कामाला लागले आणि लेण्या-लेण्यांतून लेख उतरवत हिंडले. ठसा घ्यायचा तर आधी दगड ब्रशनं साफ करायचा, पाणी मारायचं, त्यावर ओला कागद चढवायचा. मग ब्रशनं ठोकत राहायचं, कागद खोबणीत बसेपर्यंत. घाई केली तर कागद फाटतो. वारा सुटला तर सुटून येतो. आणि या खिंडीत वारा कधी नसतो? कागद आंबट ओला असतानाच वरून शाईची पुरचुंडी हलक्या हातानं फिरवायची. उंच भाग काळा होतो, अक्षर पांढरं राहतं. भगवानलाल आणि जेम्स बर्जेस यांचं पश्चिम भारतातल्या लेण्यांमधल्या लेखांचं पुस्तक १८८१ साली आलं. जुन्नरचे लेख त्यात आहेत. मराठीत वाचायचे असतील तर नागपूरच्या वा. वि. मिराशींचं सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यावरचं पुस्तक आहे, मूळ पाठासकट. आम्ही त्याच्या छायाप्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सगळीकडे हिंडवल्या.

[दृश्य: लेण्याद्री. पायऱ्यांवर भाविकांची रांग. माकडं.]

लेण्याद्री. अष्टविनायकांतला गिरिजात्मज. चतुर्थीची गर्दी. गणपती बसला आहे तो मुळातला बौद्ध विहार. बिनखांबी, मोठा, तिन्ही बाजूंनी भिक्षूंच्या खोल्या. दर्शन झालं की गर्दी खाली उतरते. शेजारच्या दालनाकडे फार थोडे वळतात.

[दृश्य: चैत्यगृह. खांबांच्या माथ्यावर सिंह, हत्ती. आत स्तूप.]

हे ते दालन. बाहेरच्या भिंतीवर एकच ओळ. पुस्तकातलं पान आणि भिंतीवरची ओळ शेजारी शेजारी धरली. कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्याचा व्यवहार करणाऱ्याचा, मुलगा सुलसदत, त्यानं दिलेलं चैत्यगृह.

कल्याण. सकाळी धुक्याखाली होतं तेच. तिथल्या माणसाचा पैसा नाणेघाट चढून आला आणि या डोंगरात खांब होऊन उभा राहिला. नाणेघाट एका दिवशी पाहिला, लेण्याद्री दुसऱ्या दिवशी. दोन्ही एकाच रस्त्यावरची ठिकाणं आहेत हे आम्हाला या एका ओळीनं सांगितलं.

[दृश्य: नारायणगावचा टोमॅटो बाजार. क्रेट उतरवणारे हात. बोली.]

जुन्नरच्या आसपास दीडशेच्या वर कोरीव लेणी आहेत आणि ती एकट्या राजांनी दिलेली नाहीत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे त्या धंद्याच्या संघटनेनं, सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी होती, काशाची भांडी घडवणाऱ्यांची होती. त्यांच्याकडे लोक पैसे ठेव म्हणून ठेवत आणि व्याज भिक्षुसंघाला जाई. आज बाजार टोमॅटोचा आहे, कांद्याचा आहे.

परदेशीही आहेत. एका यवनानं भोजनमंडप दिला, एकानं दोन पोढ्या. आडुथुम नावाच्या शकाचा लेख आमच्या सगळ्यांचा आवडता. त्यानं जमीन दिली ती झाडांसाठी. निवर्तन हे जमिनीचं जुनं माप; करंजांसाठी २० निवर्तनं, वडांसाठी ९.

[दृश्य: मानमोडीचा डोंगर. कड्याला लोंबणारी आग्यामोहोळं. भूतलिंग गटाचं लेणं, दर्शनी भागावर गजलक्ष्मी.]

हा मानमोडी. मोहोळांमुळे इथे आवाज चढवायचा नाही, अत्तर लावून यायचं नाही, धूर तर नाहीच. आम्ही खुणांनी बोलत होतो. वर कमानीत लक्ष्मी आहे, दोन्ही बाजूंना हत्ती. चंद नावाच्या यवनाचं दान.

डोंगराचं नाव का मानमोडी? चढताना मान मोडते म्हणून, असं खाली चहाच्या टपरीवर सांगितलं. पटण्यासारखंच आहे, आमच्या मानांची साक्ष काढता येईल. पण इथल्या लेखांमध्ये एक नाव आलं आहे : मानमुकुड. दामोदर धर्मानंद कोसंबींनी याच्यावर नेमकं बोट ठेवलं. ते गणिती. पण पुस्तकातलं पान पायी फिरून ताडून पाहायची त्यांना सवय होती. जुन्या वाटा, लेणी, रानातल्या देवी, तिन्ही एकत्र बघायचे. डोंगरावरच्या देवीचं नाव मानमोडी, आणि लेखातलं मानमुकुड. राज्यं किती बदलली, भाषा बदलली, लेण्यातले भिक्षू गेले, देवांची नावं बदलली. डोंगराला हाक मारायची ती तशीच.

हा शब्द दगडावर आहे, कोसंबींच्या पुस्तकात आहे, आणि टपरीवरच्या माणसाच्या तोंडी आहे. खाली गावात लावलेल्या माहितीफलकावर आम्ही शोधला. तिथे नव्हता.

[दृश्य: पूरचं कुकडेश्वर मंदिर. दगडी भिंतीवरची शिल्पं. नदीचं पाणी.]

पूर गाव. कुकडी नदी इथे उगम पावते. कुकडेश्वराच्या बाह्यांगावरची शिल्पं डोळे भरून बघा. पुस्तकं इथे थोडीशीच बोलतात.

[दृश्य: माणिकडोह धरणाच्या पाण्याच्या कडेनं जाणारा रस्ता. समोर चावंड, मागे हडसर. पुढे जीवधन आणि वानरलिंगीचा सुळका.]

याच वाटेवरून इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर गेला होता. १६७० च्या दशकात जुन्नर मोगलांकडे होतं. तिथल्या सुभेदाराचं बोलावणं आलं, म्हणून मुंबईहून निघाला. येताना वाट चुकला आणि भलत्याच घाटानं, जीव मेटाकुटीला आणून वर चढला. परतताना नाणेघाटानं उतरला, तेव्हा त्याला कळलं की सोपी वाट होतीच. त्याचं प्रवासाचं पुस्तक लंडनमध्ये १६९८ साली छापलं गेलं. कॅम्पबेलच्या लोकांच्या हाताशी ते होतं. पुस्तकानं पुस्तक असं पुढे सरकतं : फ्रायरची चुकलेली वाट गॅझेटियरमध्ये, गॅझेटियर काकांच्या कपाटात, आणि आमची गाडी फ्रायरच्या मागावर.

[दृश्य: वाचनालय. जुन्या रोजमेळाचा एक कोरा कागद उजेडात धरलेला. आतल्या गवताच्या रेघा दिसतात.]

आणि हा कागद. पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी कागद म्हणून ओळखला जायचा, तो याच गावचा. कागदी मंडळी कुकडीच्या पाण्यावर हे काम करत. जुनी गोणपाटं, दोर, चिंध्या तोडून भिजवायच्या, चुन्यात मुरवायच्या, ढेकीनं कुटायच्या, नदीत धुवायच्या, पुन्हा कुटायच्या. लगदा पाण्यात कालवून गवताच्या चटईचा साचा त्यात बुडवायचा, आडवा उचलायचा, एका झटक्यात सारखा करायचा. पाणी निथळलं की ताव. तो गुळगुळीत भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची, आणि शेवटी घोटायचा, गुळगुळीत दगडानं, चकाकी येईपर्यंत. घोटल्याशिवाय बोरू अडखळतो. उजेडात दिसतात त्या आडव्या रेघा साच्याच्या चटईच्या आहेत.

[दृश्य: नाणेघाट, रविवार दुपार. गाड्यांची रांग. लेण्याच्या भिंतीवर खरवडलेली नावं, बदाम.]

२०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. गर्दी वाढली आहे. भिंतीवर नवे लेखही वाढले आहेत.

[दृश्य: वाचनालय, संध्याकाळ. खिडकीतून तिरपा उजेड. काचेचं कपाट.]

गॅझेटियरची पानं आता सरकारच्या संकेतस्थळावर आहेत, मोबाइलवर उघडतात. नाणेघाटात मात्र रेंज गेली, तेव्हा छायाप्रतीच कामी आल्या. मिराशींच्या पुस्तकाची एक प्रत नाणेघाटाच्या पायथ्याच्या शाळेत असावी असं आम्हाला फार वाटलं. दुसरी लेण्याद्रीच्या तिकीटखिडकीत.

तिसरा भाग परत केला. काकांनी तो दोन्ही हातांत घेतला, उघडला, मधोमध शिवण बघितली, पानांवर फुंकर मारली. मग वही पुढे ओढली आणि आमच्या नावासमोर लिहिलं : जमा.

[दृश्य: कपाटाची काच सरकते. श्रेयनामावली.]