गंधाच्या वाटेवर

[दृश्य: टेबलावर पांढरा पतंग, समोर कागदाचा तुकडा]

हा रेशीमकिड्याचा नर पतंग. कोशातून बाहेर पडल्यापासून त्यानं काही खाल्लेलं नाही, आणि खाणारही नाही. पंख आहेत, पण उडता येत नाही. समोरच्या कागदावर मादीच्या गंधाचा लवलेश आहे. आता नुसतं बघत राहा.

[पंखांची फडफड. पाच सेकंद निवेदन नाही.]

आधी सरळ. मग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. गंध हरवला, की स्वतःभोवती गिरकी. ही चाल त्याला कोणी शिकवलेली नाही.

या गंधाचं नाव बॉम्बिकॉल. मिलनासाठी जोडीदाराला बोलावणारा गंध म्हणजे कामगंध. कीटकांच्या कामगंधांपैकी रासायनिक ओळख पटलेला हा पहिला. जर्मनीत आडोल्फ बूटेनांट आणि त्यांचे सहकारी सुमारे वीस वर्षं यामागे होते. त्यासाठी त्यांनी जवळपास ५ लाख माद्यांच्या गंधग्रंथी गोळा केल्या. १९५९ साली उत्तर हाती आलं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली शृंगिका]

ही नराची शृंगिका, म्हणजे डोक्यावरची मिशी, कंगव्यासारखी दातेरी. तिच्यावरच्या बारीक केसांत गंध ओळखणाऱ्या चेतापेशी आहेत. बॉम्बिकॉलचा एक रेणूसुद्धा अशा पेशीला जागं करू शकतो.

[दृश्य: रंगद्रव्यानं उजळलेला मेंदू]

इथून मेंदू सुरू होतो. हे गोल पुंजके दिसतायत ना, तिथे शृंगिकेकडून आलेले चेतातंतू उतरतात. यातला सगळ्यात मोठा पुंजका फक्त नरात असतो, आणि तो मादीच्या गंधासाठी राखून ठेवलेला आहे. फुलापानांचे वास शेजारच्या लहान पुंजक्यांकडे जातात. मेंदूत आणखी आत, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, काही खास पेशी आहेत. गंधाची एक झुळूक आली, की एका बाजूच्या पेशी चेततात. पुढची झुळूक आली, की त्या शांत होतात आणि दुसऱ्या बाजूच्या चेततात. मघाशी पाहिलेली नागमोडी चाल इथे ठरते.

मग गंध बदलला तर? २०११ साली टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी तेच करून पाहिलं. कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा एक पतंग येतो. त्याचा गंधग्राही, म्हणजे गंधाचा रेणू ओळखणारं प्रथिन, त्यांनी रेशीमपतंगाच्या बॉम्बिकॉल ओळखणाऱ्या पेशींत आणला. हे नर कोबीवरच्या पतंगाच्या कामगंधामागेही तसेच फडफडत निघाले! म्हणजे मादी कोण, हे मेंदू तपासतच नाही. त्या पेशीकडून संदेश आला, एवढंच त्याला पुरतं.

[दृश्य: संध्याकाळ, कपाशीचं शेत, काठीला टांगलेला सापळा]

आणि म्हणूनच हा कामगंध सापळा काम करतो. आत मादी नाही, ल्यूर आहे, म्हणजे तिच्या गंधाचं आमिष. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध १९७३ साली उलगडला: दोन जवळजवळ सारखे रेणू, साधारण निम्मे-निम्मे. त्याला गॉसिप्ल्यूर म्हणतात. रात्री नर वाऱ्याच्या उलट दिशेनं, गंधाची झुळूक पकडत येतो आणि पिशवीत पडतो.

[दृश्य: सकाळी पिशवीतले पतंग मोजणारे हात]

सलग ३ रात्री, दर रात्री सापळ्यामागे ८ पतंग पडले, तर उपाय करायची वेळ आली. त्याआधी पंप पाठीवर घ्यायची गरज नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

[दृश्य: झाडाला बांधलेली गंधाची दोरी, डोमकळी]

सापळ्याच्याही पुढची युक्ती या दोरीत आहे. झाडाझाडाला ती बांधली, की सगळ्या शेतात तोच गंध भरून राहतो. नराच्या मेंदूला वाट सापडते ती तुटक झुळुकांमुळे: आला, गेला, पुन्हा आला. गंध सगळीकडेच असला, तर कुठे वळायचं हे त्याला कळत नाही. मादी तशीच राहते, फलित अंडी पडत नाहीत, आणि फुलांची अशी डोमकळी होणं, म्हणजे आत अळी शिरून फूल न उमलता मिटलेलंच राहणं, कमी होतं. मधमाशीला या गंधाशी देणंघेणं नाही.

मात्र एकट्याच्या दोन एकरांत दोरी बांधून भागत नाही. शेजारच्या शेतात मिलन झालेली मादी बांध ओलांडून येते आणि इथे अंडी घालते. त्यामुळे दोऱ्या सगळ्या शिवारात, एकाच वेळी, पात्या, म्हणजे फुलकळ्या, लागायच्या सुमारास बांधाव्या लागतात, आणि ते ठरवायला गावाची बैठक पेरणीआधीच घ्यावी लागते.