ओल्या ताटीतला वारा

(दृश्य : रस्त्याच्या कडेला रचलेल्या ताट्या, काम करणारे हात)

नागपुरात एप्रिल लागला की फुटपाथवर हे ढीग दिसू लागतात. कूलरच्या ताट्या. लाकडाचे केसांसारखे बारीक काप जाळीवर पसरायचे, वरून दुसरी जाळी ठेवायची आणि तारेनं आवळायचं. बघायला सोपं वाटतं, पण या बोटांकडे लक्ष द्या. काप पसरता पसरता ती सारखी चाचपत असतात. कुठे थर विरळ राहिला, तर तिथून वारा कोरडाच आत शिरतो. कुठे गच्च बसला, तर वारा अडतो आणि पंखा नुसता घरघरत राहतो. ताटी चांगली की वाईट, ते इथे ठरतं. मे महिन्यात घरातलं म्हातारं माणूस दुपारी झोपू शकेल की नाही, तेही बरंचसं इथेच ठरतं.

(दृश्य : वाळ्याची मुळं, त्यांवर पडणारं पाणी)

हा वाळा. म्हणजे खस गवताची मुळं. कूलर नव्हते तेव्हा यांचेच पडदे दारांना टांगायचे आणि दुपारभर त्यांच्यावर पाणी शिंपडत राहायचं. पाणी पडलं की सुटणारा वास कॅमेऱ्यात येत नाही, एवढीच खंत. आजही माठात वाळ्याची जुडी टाकणारी घरं आहेत.

(दृश्य : पत्र्याचा कूलर, ताटीवरून निथळणारं पाणी)

खालच्या टाकीतलं पाणी मोटर वर चढवते, ते ताटीवरून झिरपत खाली येतं आणि पंखा बाहेरची झळ या ओल्या थरातून आत ओढतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती या हवेतूनच घेतली जाते, म्हणून आत येणारा वारा गार. विदर्भाचा उन्हाळा कोरडा आहे, म्हणून हे जमतं. मुंबईच्या दमट हवेत पाण्याची वाफच नीट होत नाही.

आता ही खिडकी बघा. कूलरच्या समोरची, चांगली वीतभर उघडी. गारवा बाहेर जाईल या भीतीनं कितीतरी घरांत ती बंद ठेवतात. मग ओलावा खोलीतच कोंडतो, अंग चिकट होतं आणि कूलर चालू असूनही जीव घाबरा होतो. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट द्यायलाच हवी.

आणि टाकी भरण्याआधी प्लग काढा. पत्र्याला अर्थिंग आहे ना, ते वायरमनकडून तपासून घ्या. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून विदर्भात माणसं जातात.

(दृश्य : बांधकाम, डोक्याला ओला दुपट्टा बांधलेले मजूर)

इथे कूलर नाही. इथे अंगावरचा घाम हीच ताटी. घाम वाळतो तेव्हा शरीरातली उष्णता घेऊन जातो. पण त्यासाठी पोटात पाणी हवं आणि अंगाला वारा लागायला हवा. तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. म्हणून घोटघोट पाणी, मधे मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं, ग्लासभर पाण्यात नाही.

हवा दमट असली की घाम वाळत नाही, तेव्हा पारा कमी असूनही धोका असतो. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या उघड्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला लोक जमले होते, पारा चाळिशीच्या आतच होता. तिथे ऊन लागून १४ जण गेले.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, शुद्ध हरपली, तर उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

(दृश्य : हिरवी जाळी, सावलीतला रांजण, जेवणारे मजूर)

या साइटवर काम पहाटे उजाडता सुरू होतं आणि अकराला थांबतं. उरलेलं काम ऊन उतरल्यावर. दुपारी सगळे या जाळीखाली असतात. रांजण सावलीत आहे, झाकलेला आहे, सकाळी घासून भरला जातो. मजुरी पूर्ण दिवसाची मिळते. शेजारच्या साइटवर दुपारी दोनला स्लॅबचं काम चालू होतं. तिथे आम्हाला कॅमेरा नेऊ दिला नाही. तिथल्या मालकांनी एवढी जाळी आणि एवढा रांजण उद्याच आणावा, आणि कामाची वेळ बदलावी.