माळ्यावरची सहा इंची

[दृश्य: टेबलावर जाड काचेची गोल चकती, मागे एक बल्ब]

हा दुर्बिणीचा आरसा आहे, हे सांगावं लागतं. सहा इंच व्यास, इंचभर जाडी, वजन किलोच्या आसपास. काठाला पांढरे चट्टे, मधे करडे डाग, आणि मागून बल्ब धरला की बघा, जिथे जिथे ठिपक्यातून उजेड आरपार येतोय ना, तिथे तिथे वरचा ॲल्युमिनियमचा थर खाल्ला गेलाय. कोणी खाल्ला? समोरच्या समुद्राने. ॲल्युमिनियमवर हवेमुळे आपोआप एक पातळ कवच बनतं आणि तेच त्याला सांभाळतं, पण खाऱ्या हवेतलं क्लोराइड त्या कवचाला बारीक बारीक भोकं पाडतं, आणि मग एका भोकातून आत शिरलं की पसरतच जातं. वर आपल्याकडचा पावसाळा, चार महिने भिंती घाम गाळतायत, तिथे आरशाचं काय घेऊन बसलात.

विजयदुर्गच्या अलीकडच्या एका गावात, जांभ्याच्या घराच्या माळ्यावर ही दुर्बीण पडून होती. डालगी, मखराच्या फळ्या, बंद पडलेला पंखा, आणि त्यांच्यामागे चार फुटांची पत्र्याची नळी, तळाला गंजून कुरतडलेली, आत कुंभारमाशीने मातीची घरं बांधलेली. बनवणारे मामा शाळेत गणित-विज्ञान शिकवायचे. 1986 साली हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून आधीच्या वर्षी त्यांनी काच घासायला घेतली. एप्रिलमध्ये हॅले दक्षिणेकडे खाली आला होता, आणि खाली दक्षिणेकडचं बघायला कोकण म्हणजे मोक्याची जागा, म्हणजे मामांचं टायमिंग बरोबर होतं. आता मामा नाहीत. भाच्याचं देवगडात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्याने माळा साफ करताना हे खाली काढलं. नळी तर भंगारातच जाणार होती, पण आरसा बघून मामी म्हणाली, "ता टाकू नको हां, तेंनी हातान घासलेला."

आणि मामीचं बरोबर आहे, अगदी तांत्रिकदृष्ट्यासुद्धा बरोबर आहे. ही दुर्बीण परत उभी करायच्या सगळ्या प्रोजेक्टची गंमत इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

दुर्बिणीच्या आरशात किमतीची गोष्ट चकाकी नसते, आकार असतो. दोन काचा एकमेकींवर ठेवायच्या, मधे कार्बोरंडमची पावडर आणि पाणी, आणि एका पिंपाभोवती गोल गोल फिरत वरची काच पुढे-मागे घासायची. वरची हळूहळू मधे खोल होत जाते, खालची फुगत जाते. जाड पावडर, मग बारीक, मग आणखी बारीक, शेवटी राळेच्या थरावर पॉलिश. सहा इंचांच्या ह्या आरशाचा फोकस 1200 मिलिमीटर आहे, म्हणजे उजेड तेवढ्या अंतरावर एकत्र येतो, आणि तेवढ्यासाठी मधला खळगा किती खोल असावा लागतो? जेमतेम 1.2 मिलिमीटर! बरं तो नुसता गोल चालत नाही, पॅराबोला लागतो, म्हणजे ताऱ्याचा सगळा उजेड एकाच बिंदूत आणणारा वक्र, आणि ह्या मापाला गोल आणि पॅराबोलातला फरक फार तर मिलिमीटरच्या तीन दहाहजारांशाइतका असतो. तो फरक मामांनी हाताने, राळेवर, मोजून-तपासून आणलाय. समुद्राने खाल्ला तो वरचा धातूचा थर. खालची काच जशीच्या तशी आहे.

तो थर किती? साधारण 100 नॅनोमीटर. ह्या अख्ख्या आरशावर मिळून पाच मिलिग्रॅमसुद्धा ॲल्युमिनियम नसतं, तांदळाच्या दाण्याचा चौथा हिस्सा समजा. एवढंच गेलंय आणि आपण दुर्बीण भंगारात काढायला निघालो होतो.

(अशा आरशाला कापड मारू नका. कोलीन तर अजिबात नाही. घरी कुणाकडे जुनी दुर्बीण असेल तर एवढं तरी ऐका, धूळ परवडते, ओरखडा नाही परवडत.)

[दृश्य: अंगणात प्लास्टिकची घमेली, हातात रबरी मोजे]

धुण्याची पद्धत अशी, आधी वाहत्या पाण्याखाली धूळ जाऊ द्यायची, मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात आरसा बुडवून ठेवायचा, मग कापसाचा बोळा नुसत्या स्वतःच्या वजनाने वरून ओढायचा, बोळा एकदा वापरला की फेकायचा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर, तेच आपलं बॅटरीत घालायचं, कारण विहिरीचं पाणी सुकलं की क्षारांचे डाग मागे राहतात. धुतल्यावर थर जेमतेम बरा असता तर तसाच वापरला असता. इथे तो बराच गेलेला होता त्यामुळे काढूनच टाकायचं ठरलं. त्याला फेरिक क्लोराइड, इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट बोर्डावरचं तांबं खायला वापरतात तेच, भाच्याच्या दुकानात बाटली होतीच. मोजे, चष्मा, उघडी हवा, हे सगळं पाहिजे, पोरांना लांब ठेवा. तपकिरी पाण्यात आरसा बुडाला, आणि वर आली ती स्वच्छ पारदर्शक काच.

आता काच आहे, आरसा नाही. मग आकार शाबूत आहे का ते कसं कळणार?

तर कोऱ्या काचेवरूनसुद्धा चार टक्के उजेड परत येतोच. तपासायला तेवढा पुरतो. ही टेस्ट लिऑं फूको ह्या फ्रेंच माणसाने 1858 च्या सुमाराला काढली, पृथ्वी फिरते हे लंबकाने दाखवणारा तोच फूको, काचेवर चांदी चढवून दुर्बिणीचे आरसे करण्यातही तोच पुढे. त्याआधी न्यूटनपासून, म्हणजे 1668 पासून, आरसे ओतीव धातूचे असायचे आणि काळे पडले की परत पॉलिश, म्हणजे आकाराचं काम परत पहिल्यापासून. काचेने ही कटकट संपवली, थर गेला तर थर बदला, आकाराला हात लावायचा नाही. चांदीच्या जागी 1930 च्या दशकात ॲल्युमिनियम आलं. आपल्या हवेत चांदी काही महिन्यांत काळी पडली असती.

टेस्टला लागतं काय, एक एलईडी, त्यावर बारीक फट, आणि दाढीचं ब्लेड. आरसा खोलीच्या एका टोकाला, आपण 2400 मिलिमीटरवर, आरशाच्या वक्रतेच्या केंद्रापाशी. परत आलेल्या उजेडाच्या ठिपक्यात ब्लेड हळूच आडवं घालायचं. आणि मग डोळ्यासमोर आरसा एकदम उठाव घेतो, सावल्या पडतात, एरवी ज्याला हात लावूनही कळणार नाही तो उंचवटा-खळगा डोंगर-दऱ्यांएवढा दिसायला लागतो.

[दृश्य: अंधारी पडवी, कॅमेरा ब्लेडमागून]

आता बघा, भाचा आरशासमोर नुसता हात धरतोय. ते वर जाणारं, धुरासारखं काहीतरी दिसतंय ना? धूर नाहीये तो. हाताची गरम हवा आहे. म्हणूनच ही टेस्ट रात्री, पंखा बंद करून, चुलीचा जाळ शांत झाल्यावर करायची. आणि मधली ही भाकरीच्या काठासारखी नव्हे, मेदूवड्यासारखी सावली... बरं राहू दे, वडा म्हटलं की मामी हसते. पॅराबोला असला की अशीच सावली पडते. काठाजवळ जरासा उतार आहे, बाकी मामांचं काम पक्कं.

मग पुण्याला पाठवायच्या आधी एक उद्योग झाला, तो मला ह्या सगळ्या प्रकारात फार आवडला. कोरी काचच नळीत बसवली आणि चंद्रावर लावली. चार टक्के उजेड, म्हणजे तीस मिलिमीटरच्या भिंगाइतका, पण बारकावे मात्र सहा इंचांचे. पूर्ण आरशातून भरला चंद्र बघितला की डोळे दिपतात, इथे उलट छान मऊ दिसतो. फिल्टरचे पैसे वाचले म्हणायचं!

पुण्यात व्हॅक्यूम कोटिंगवाल्याकडे आरसा एसटीने गेला, मांडीवर. बंद टाकीतली हवा जवळजवळ सगळी काढून घेतात, टंगस्टनच्या तारेवर ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ करतात, ती सरळ रेषेत जाऊन काचेवर बसते. वर सिलिकाचा संरक्षक थर मागून घेतला, आपल्याकडे तो पाहिजेच. बरेच दिवस वाट बघावी लागली, कारण एका सहा इंचीसाठी कोण टाकी चालू करणार, चार आरसे जमले की एकदम करतात.

तोपर्यंत इकडे स्टँडचा प्रश्न.

मामांनी जीआय पाइपच्या टी आणि एल्बो जोडून इक्वेटोरियल माउंट केला होता. म्हणजे एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे, त्याभोवती दुर्बीण फिरवली की तारा नजरेत राहतो. युरोप-अमेरिकेत झकास. पण ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाएवढ्याच उंचीवर असतो, आणि विजयदुर्गचा अक्षांश साडेसोळा अंश. अक्ष जवळजवळ आडवाच! समतोलाचं वजन खांबावर आपटतं, तोल पुढे जातो, आणि एवढं करून ध्रुवतारा दिसावा तर तो शेजाऱ्यांच्या माडांत. बऱ्याच परदेशी स्टँडचा स्क्रू वीस अंशांच्या खाली उतरतच नाही, त्यांनी कोकण धरलेलंच नसतं. पाइप सगळे गंजून एकजीव झालेले, तेव्हा मामांची माफी मागून ते काढून ठेवले.

त्याऐवजी डॉब्सोनियन, म्हणजे सरळ लाकडी खोकं, डावी-उजवीकडे फिरतं आणि वर-खाली होतं, बस. जॉन डॉब्सन हा माणूस 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात संन्यासी व्हायला गेला. रामकृष्ण परंपरेचा मठ. तिथे राहून जहाजाच्या खिडकीच्या जुन्या काचा घासून त्याने आरसे केले, दुर्बिणींचं वेड काही सुटेना, शेवटी 1967 मध्ये मठातून बाहेर पडावं लागलं, आणि मग फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवत बसला. पेटंट घेतलं नाही, पैसे मागितले नाहीत. माझ्या मते एवढं जमलं म्हणजे संन्यास फुकट गेला नाही.

सुताराने खोकं बघून विचारलं, "ही तोफ खंय लावतलस रे?" विजयदुर्गवाल्यांना नळी दिसली की तोफच आठवणार. मरीन प्लाय, खाली खरखरीत सनमायका आणि त्यावर टेफ्लॉनचे तीन तुकडे. गुळगुळीत सनमायका घेऊ नका, चिकटून बसते आणि मग झटका देऊन हलते, खरखरीतावर बोटाने ढकललं तरी लोण्यासारखं... असो, छान फिरतं. प्लायच्या कडांना आणि तळाला काजूच्या टरफलाचं तेल, होडीला लावतात तेच, वाळवी फिरकत नाही, फक्त हाताला लागलं तर कातडी सोलून निघते. नटबोल्ट सगळे 316 ग्रेडचे स्टेनलेस, बंदरावर बोटीचं सामान मिळतं तिथून. साधं स्टेनलेस इथे दोन पावसाळ्यांत तांबूस डाग धरतं.

[दृश्य: रात्र, सडा, दक्षिणेकडे समुद्र]

आरसा परत आला तो मार्चअखेर. कोलिमेशन म्हणजे दोन्ही आरसे, खालचा हा मोठा आणि नळीच्या तोंडाशी असतो तो छोटा, एका रेषेत आणणं, मोठ्या आरशाच्या मधोमध चिकटवलेला ठिपका बघत मागचे तीन स्क्रू फिरवायचे, दोघांचं काम, एक बघणार एक फिरवणार, आणि "डावीकडे" म्हणजे कुणाच्या डावीकडे ह्यावरून जे काय झालं ते एडिटिंगमध्ये काढलंय.

सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, घेऊन गेलो कारण तिथे दक्षिण मोकळी. साडेसोळा अंशांवरून त्रिशंकू बऱ्यापैकी वर येतो, आणि त्याच्या डाव्या अंगाला वर नरतुरंगात ओमेगा सेंटॉरी, डोळ्यांना अंधुक तारा, बायनॉक्युलरमध्ये कापूस. 1200 च्या फोकसला 10 मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळ्याशी येणारं भिंग, लावला, 120 पट. कापूस फुटला आणि आत तारेच तारे, सुटे सुटे. साधारण सतरा हजार प्रकाशवर्षं लांब, एक कोटीच्या आसपास तारे. लंडनमधून हा कधी उगवतच नाही. क्षितिजापाशी मात्र उजेडाचे पांढरे डोंब, एलईडी लावून मासे पकडणाऱ्या बोटी, 2017 पासून बंदी आहे म्हणे, समुद्राला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

आणि आलोच आहोत तर बाजूच्या किल्ल्याचंही. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा ह्याच किनाऱ्यावरून आत गेला. किल्ल्यात साहेबाचे कट्टे दाखवतात आणि हेलियम इथेच सापडला, लॉकयरला सापडला, असं सांगतात. लॉकयर हा इंग्रज शास्त्रज्ञ तेव्हा इंग्लंडमध्ये होता, आणि ग्रहण बघायला आलेला जान्सन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला. ग्रहण मात्र खरंच इथून गेलं, तेवढं पुरेसं आहे की, कशाला वाढवून सांगायचं?

दव जबरदस्त पडतं. अकरानंतर वरच्या छोट्या आरशावर वाफ धरते, त्याला पुठ्ठ्याची टोपी वाढवली आणि मामीचा हेअर ड्रायर बॅटरीवर चालत नाही म्हणून अर्ध्या तासाने सरळ गुंडाळलं. आयपीस जुने होते त्यातल्या एकात बुरशी पार काचेत उतरलीय, ती काही पुसून जात नाही, नवीनच घ्यावा लागेल. जून लागला की आरसा काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट, आयपीस कपाटात झिरो बल्बखाली. खोकं पडवीत, त्यावर सध्या आमसुलं वाळतायत.

आणि माळ्यावर गोणपाटात अजून एक काच सापडलीय. आठ इंची. मामांनी नुसती 80 नंबरच्या जाड पावडरीने खोल केलेली, पुढे हातच लागला नाही. भाच्याने पावडर मागवलीय. मामी म्हणते आधी गणपती होऊ देत, मग काय घासायचं ते घासा. तरी पिंप त्याने आत्ताच आणून अंगणात ठेवलंय, विचारलं तर सांगतो, पागोळ्यांचं पाणी धरायला.